वटवाघळांचा आवाज ऐकणारं खिशातलं यंत्र घरी बनवायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी बॅट डिटेक्टर बनवतोय, लोकांना बनवायला मदत करतोय, आणि तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतोय. सर्किट सोपं आहे, सोल्डरिंग येणारा अकरावीतला मुलगा दोन रविवारात करतो. लोक अडकतात ते माइक आणि पॉवर सप्लाय या दोन जागी, त्यामुळे खाली त्यावरच जास्त लिहिलंय.

हे यंत्र नेमकं करतं काय?

आपल्याला साधारण २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ ऐकू येतं, वय वाढलं की वरची बाजू कमी होत जाते. किडे खाणारी वटवाघळं अंधारात वाट काढायला आणि शिकार पकडायला जे ओरडतात ते बहुतेक याच्या वर असतं, २० पासून पार १३०-१४० किलोहर्ट्झपर्यंत, काही जातींचं त्याहूनही वर. म्हणजे संध्याकाळी तुमच्या डोक्यावर अक्षरशः आरडाओरडा चालू असतो आणि आपल्याला वाटतं किती शांत आहे. काही जातींचा आवाज तोंडापासून १० सेंटिमीटरवर मोजला तर ११० डेसिबलच्याही वर जातो, स्वयंपाकघरातल्या मिक्सरपेक्षा मोठा, फक्त आपल्या कानाच्या पट्टीबाहेर. हे यंत्र तो आवाज आपल्या कानाच्या पट्टीत खाली आणून हेडफोनमध्ये देतं. एवढंच.

हे माणसाला कळलं कधी?

इटलीतल्या स्पॅलांझानी या शास्त्रज्ञाने १७९० च्या दशकात दाखवलं होतं की डोळे गेलेलं वटवाघूळ बिनधास्त उडतं, आणि जिनिव्हाच्या ज्युरिनने दाखवलं की कान बंद केले की ते धडकतं. पण आवाज तर येत नाही मग कान कशाला, हे कोडं सुटायला दीडशे वर्षं जवळजवळ लागली. १९३८ मध्ये हार्वर्डला शिकणारा डोनाल्ड ग्रिफिन पिंजऱ्यातली वटवाघळं घेऊन पिअर्स नावाच्या प्रोफेसरांकडे गेला, कारण त्यांच्याकडे अल्ट्रासोनिक, म्हणजे माणसाच्या कानापलीकडचा, आवाज खाली आणून ऐकवणारं यंत्र होतं. पिंजरा समोर धरला आणि खोली आवाजाने भरली. एकोलोकेशन (प्रतिध्वनीवरून जागा ओळखणं) हा शब्द ग्रिफिननेच १९४४ मध्ये दिला. आज तुमच्या साबणाच्या डबीत जे सर्किट बसेल त्याचं तत्त्व त्या मोठ्या यंत्रासारखंच आहे, मला हे दर वेळी भारी वाटतं.

मोबाइलवर ॲप टाकून नाही का होणार?

नाही. फोन साधारणपणे सेकंदाला ४८ हजार वेळा आवाज मोजतो, त्यामुळे त्याला जास्तीत जास्त २४ किलोहर्ट्झपर्यंतच कळतं, त्याच्या वरचं आधीच फिल्टर होऊन जातं. ॲप कितीही चांगलं असलं तरी माइकमधून जे आलंच नाही ते दाखवणार कुठून. वेगळा अल्ट्रासोनिक यूएसबी माइक लावलात तर फोन चालतो, पण ते महाग प्रकरण आहे.

हेटरोडाइन, फ्रीक्वेन्सी डिव्हिजन, टाइम एक्स्पान्शन, यातलं कोणतं बनवू?

पहिलंच असेल तर हेटरोडाइन. यात वटवाघळाचा आवाज आपल्याच एका ऑसिलेटरच्या सिग्नलबरोबर मिसळतो आणि दोघांतला फरक ऐकतो. वाघूळ ४५ वर ओरडतंय, तुम्ही नॉब ४३ वर ठेवलाय, तर हेडफोनमध्ये २ किलोहर्ट्झ येतो. दोघांची बेरीज ८८ पण तयार होते, ती फिल्टरमध्ये गळून जाते. आवाज त्याच क्षणी येतो, चढउतार कळतात, आणि नॉब फिरवायला मजा येते.

फ्रीक्वेन्सी डिव्हिजनमध्ये सीडी४०४० सारखा काउंटर घेऊन सगळंच १६ ने भागतात, नॉब लागत नाही पण आवाज रुक्ष येतो आणि एका वेळी जो आवाज सगळ्यात मोठा तोच मोजला जातो. टाइम एक्स्पान्शन म्हणजे खूप वेगाने रेकॉर्ड करून दहापट हळू वाजवणं, अभ्यासाला तेच उत्तम, पण त्याला मायक्रोकंट्रोलर आणि मेमरी कार्ड आलं. तेच हवं असेल तर ऑडिओमॉथ नावाचं ओपन सोर्स यंत्र तयार आहे, तीन पेन्सिल सेलवर चालतं आणि सेकंदाला ३,८४,००० सॅम्पलपर्यंत घेतं. ते विकत घेण्यात कमीपणा अजिबात नाही. फक्त ते रेकॉर्डर आहे, हातात धरून जागच्या जागी ऐकण्याची गोष्ट वेगळी.

माइक कोणता घेऊ? (हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो)

तीन पर्याय लोक विचारतात. पहिला, अंतर मोजायच्या एचसी-एसआर०४ मॉड्यूलवरचा गोल पिझो डोळा. स्वस्त, कुठेही मिळतो, पण तो ४० किलोहर्ट्झलाच नीट वाजतो, थोडं इकडेतिकडे गेलं की बहिरा. छोट्या पाकोळ्या (लहान वाघळं) ऐकू येतील, बाकी काही नाही. दुसरा, साधी इलेक्ट्रेट कॅप्सूल. काही काही कॅप्सूल ४०-५० पर्यंत बऱ्यापैकी जातात पण हे नशिबावर आहे, दहा आणून एक एक लावून बघायची तयारी असेल तर ठीक.

तिसरा, आणि माझं मत विचाराल तर हाच, मेम्स माइक (चिपवर बनवलेला सूक्ष्म माइक). नोल्सचा एसपीयू०४१०एलआर५एच शोधा, त्याच्या डेटाशीटमध्येच ८० किलोहर्ट्झपर्यंतचा रिस्पॉन्स दिलाय आणि तो १.५ ते ३.६ व्होल्टवर चालतो. त्याच्या वरही ऐकतो, पण कमी. आकार तांदळाच्या दाण्याएवढा आणि आवाज आत जायचं भोक खालच्या बाजूला, म्हणजे पीसीबीलाही (सर्किट बोर्डलाही) भोक लागतं. हाताने सोल्डर करायच्या भानगडीत पडू नका, छोट्या बोर्डवर लावलेला तयार घ्या.

आणि कृपा करून तो बोर्ड धुऊ नका! मी पहिले दोन माइक असेच घालवले. सोल्डरिंग झाल्यावर सवयीने आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि जुना टूथब्रश घेऊन फ्लक्स साफ केला, बोर्ड चकचकीत झाला आणि माइक कायमचा गप्प. ते द्रावण भोकातून आत गेलं की फ्लक्सचा थर आतल्या पडद्यावर बसतो. सोल्डर करताना भोकावर कॅप्टॉन टेप (उष्णता सहन करणारी चिकटपट्टी) लावा, झालं की काढा, आणि त्या बाजूला हात लावू नका.

पूर्ण सर्किट सांगा ना, व्हॅल्यूसकट

घ्या. चार पेन्सिल सेल, म्हणजे ६ व्होल्ट. त्यातून एचटी७३३३ रेग्युलेटरने ३.३ व्होल्ट काढायचे, त्यावर माइक, ऑपॲम्प (सिग्नल मोठा करणारी चिप), ऑसिलेटर आणि मिक्सर (दोन सिग्नल मिसळणारा भाग). हेडफोनचा ॲम्प्लिफायर एलएम३८६ थेट ६ व्होल्टवर.

माइकनंतर १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर, मग १० किलोओहम, मग एमसीपी६०२२ (एका चिपमध्ये दोन ऑपॲम्प) चा एक अर्धा भाग इन्व्हर्टिंग जोडणीत, फीडबॅकला ३३० किलोओहम. म्हणजे ३३ पट. परत १ नॅनोफॅरड, १० के, दुसरा अर्धा भाग, पुन्हा ३३ पट. दोन्ही मिळून हजाराच्या वर. ऑपॲम्पचा दुसरा इनपुट मधल्या व्होल्टेजवर, दोन १०० के आणि एक १० मायक्रोफॅरड. तो १ नॅनो आणि १० के एकत्र १५.९ किलोहर्ट्झचा हायपास बनतात, त्याच्या खालचं, म्हणजे हॉर्न, कुत्री, माणसं, वेगाने कमी होत जातं. फुकटातला फिल्टर आहे तो, त्या जागी "मोठा लावला तर चालेल ना" म्हणून १०० नॅनो लावू नका.

ऑसिलेटरला ५५५ टायमर चिप, पण सीमॉस प्रकारची, म्हणजे ७५५५ किंवा टीएलसी५५५. साधा एनई५५५ नको, तो ३.३ व्होल्टवर चालायचा नाही आणि प्रत्येक वेळी सप्लायला धक्का देतो. आउटपुटपासून ५.६ के आणि ४७ के चा पॉट (फिरवायचा रेझिस्टर, तोच आपला नॉब) सिरीजमध्ये, तिथून १ नॅनोफॅरड ग्राउंडला, पिन २ आणि ६ त्या कपॅसिटरवर. हिशोब असा की फ्रीक्वेन्सी म्हणजे ०.७२ भागिले आर आणि सी (रेझिस्टर आणि कपॅसिटर) यांचा गुणाकार, तर हे साधारण १४ ते १२८ किलोहर्ट्झ फिरतं. हा कपॅसिटर पॉलिस्टरचा किंवा सीओजी घ्या, साधा सिरॅमिक घेतलात तर गच्चीवरच्या गारव्यात डायल सरकतो.

मिक्सर म्हणजे ७४एचसी४०६६ चा एक स्विच, ५५५ त्याला उघडबंद करतो. उरलेल्या तीन स्विचचे कंट्रोल पिन ग्राउंडला बांधा, मोकळे सोडले तर ते मनाप्रमाणे नाचतात. पुढे १० के आणि ३.३ नॅनोफॅरड, म्हणजे ५ किलोहर्ट्झच्या आतलं पुढे जातं. मग १०० नॅनोफॅरड, ५० के चा व्हॉल्यूम, एलएम३८६, २२० मायक्रोफॅरड, हेडफोन. तो मधला १०० नॅनो विसरू नका, मिक्सरच्या आउटपुटला दीड-पावणेदोन व्होल्ट डीसी उभं असतं, ते एलएम३८६ मध्ये गेलं की तो एका टोकाला जाऊन चिकटतो, आणि "सगळं बरोबर जोडलंय पण आवाज नाही" असे जे मेसेज मला येतात त्यातले निम्मे इथलेच असतात.

माझ्याकडे एलएम३५८ पडलेत, ते वापरू का?

नको. ते ऑपॲम्प वीज कमी खातात पण एवढ्या वर ते दमतात. त्यांचा गेन-बँडविड्थ (किती पट मोठं करायचं गुणिले किती फ्रीक्वेन्सीपर्यंत, याची मर्यादा) सुमारे १ मेगाहर्ट्झच्या आत, त्याला ३३ पट मागितलं तर ३० किलोहर्ट्झच्या आतच गेन ढासळतो, आणि आपल्याला हवं ते तिथून पुढे सुरू होतं. एमसीपी६०२२ चा १० मेगाहर्ट्झ आहे, म्हणून ३०० किलोहर्ट्झपर्यंत निर्धास्त. टीएल०७२ चांगला, पण त्याला ३.३ व्होल्ट पुरत नाहीत, ९ व्होल्टचं वेगळं डिझाइन असेल तर घ्या.

९ व्होल्टची चौकोनी बॅटरी का नाही? पॉवर बँक?

चौकोनी अल्कलाइन बॅटरीत साधारण ५०० एमएएच असतात, पेन्सिल अल्कलाइन सेलमध्ये २००० च्या वर. हे सर्किट शांत असताना ७-८ मिलिअँप घेतं, आवाज चालू असताना १०-१५ धरा, म्हणजे चार सेलवर शंभर तास आरामात जातात. एलएम३८६ चार व्होल्टपर्यंत चालतो, म्हणजे एकेक सेल १ व्होल्टला येईपर्यंत पिळून घेता येतो.

पॉवर बँक दोन कारणांनी नको. एक, एवढा कमी करंट बघून ती समजते की काही जोडलेलंच नाही आणि बंद होते. दुसरं जास्त महत्त्वाचं, तिच्या आतला बूस्ट कन्व्हर्टर (व्होल्टेज वाढवणारं सर्किट). कमी लोडवर तो थांबून थांबून धक्के देतो आणि ते धक्के बऱ्याचदा २०-१०० किलोहर्ट्झमध्ये पडतात, म्हणजे आपण जिथे कान लावून बसलोय तिथेच. एका १८६५० लिथियम सेलवरून ५ व्होल्ट करणाऱ्या छोट्या मॉड्यूलचंही तेच.

आणि हो, पॉवर ऑनचा एलईडी. ३३० ओहम लावून झगझगीत पेटवलात तर तो एकटा बाकीच्या सर्किटएवढी वीज खातो. १० के लावा, अंधारातच वापरायचंय, दिसतो.

हेडफोनमध्ये फट् फट् फट् होतंय / शिट्टी वाजतेय

फट् फट् म्हणजे मोटरबोटिंग. एलएम३८६ करंट ओढतो, सप्लाय हलतो, तो हलणं माइकच्या सर्किटला आवाज वाटतो, तो हजारपट होऊन परत येतो. म्हणूनच वर रेग्युलेटर वेगळा ठेवलाय. एलएम३८६ च्या पायाशी ४७० मायक्रोफॅरड लावा, आणि ग्राउंडची वायर बॅटरीपासून दोन वेगळ्या काढा, एक ॲम्प्लिफायरला एक माइकला. झिरो पीसीबीवर (भोकं पाडलेल्या कोऱ्या बोर्डवर) लोक एकच लांब ग्राउंड ओढतात, तिथेच घोळ होतो. स्पीकर लावला असेल तर त्याच्या टिकटिकीतही अल्ट्रासोनिक भाग असतो, तो माइकमध्ये शिरतो. हेडफोन वापरा.

डबी कोणती?

मी प्रवासात नेतो तसली साबणाची डबी वापरतो, हातात छान बसते. पण माइकच्या भोकाकडे लक्ष द्या, हे कोणी सांगत नाही. ४० किलोहर्ट्झच्या आवाजाची लहर फक्त ८.५ मिलिमीटरची असते. तुम्ही डबीला बारीक भोक पाडून माइक आतून चिकटवला, प्लास्टिक आणि बोर्ड मिळून २ मिलिमीटरची नळी झाली, तर ती नळी बासरीसारखी ४२ किलोहर्ट्झच्या आसपास घुमते. मग ४२ ला जोरात आणि ७० ला काहीच नाही असं विचित्र यंत्र तयार होतं. भोक बाहेरच्या बाजूने मोठ्या ड्रिलने फनेलसारखं उघडं करा, किंवा सरळ माइकचा बोर्ड डबीच्या बाहेरच्या पृष्ठभागाला लावा.

पावसाळ्यात वापर झाला की सिलिका जेलच्या पुडीबरोबर डब्यात बंद करा.

वटवाघूळ न शोधता टेस्ट कसं करू?

किल्ल्यांचा जुडगा हलवा. किल्ल्यांच्या खणखणाटात अल्ट्रासोनिक भरपूर असतं, दोन मीटरवरूनही कर्कश यायला हवं. मग अंगठा आणि तर्जनी माइकपुढे एकमेकांवर घासा, तुमच्या कानाला काही येत नाही पण हेडफोनमध्ये सँडपेपर घासल्यासारखं यायला हवं. हे आलं की माइक आणि गेन दोन्ही ठीक. डायल लावायला तोच एचसी-एसआर०४ घ्या, तो नेमका ४० किलोहर्ट्झ सोडतो. नॉब फिरवताना सूर खाली खाली येऊन नाहीसा होतो आणि परत वर चढतो, तो नाहीसा होण्याचा बिंदू म्हणजे ४०, तिथे पेनाने खूण करा.

सतत एकसारखा आवाज येतोय, वाघूळ आहे का?

बहुतेक नाही. आमच्या जिन्यात मी तीन संध्याकाळी एक ठरावीक टरटर ऐकत होतो आणि वहीत "नवीन जात?" असं लिहूनही ठेवलं होतं. चौथ्या दिवशी लाइट गेली आणि टरटर पण गेली, जिन्यातल्या एलईडी दिव्याचा ड्रायव्हर होता तो. एलईडी ड्रायव्हर, मोबाइल चार्जर, उंदीर पळवायचं मशीन, हे सगळे या पट्टीत बोलतात. आणि रातकिडे! पावसाळ्यानंतर ३० च्या खाली रातकिड्यांचीच किरकिर असते. वाघळाचा आवाज येतो, मोठा होतो, जातो. जो जागचा हलत नाही तो वाघूळ नाही.

अजून एक फसवणूक: आपला ऑसिलेटर चौकोनी लहरीचा आहे, त्यामुळे नॉब १५ वर असताना तिप्पट म्हणजे ४५ वालं वाघूळ पण ऐकू येतं. खाली काही सापडलं की तिप्पट फ्रीक्वेन्सीवर जाऊन बघा, तिथे जास्त जोरात असेल तर ते तिथलंच आहे.

कुठे आणि कधी ऐकायचं?

कुठे जायची गरज नाही, सूर्य मावळल्यावर अर्धा तास, घराजवळचा रस्त्यावरचा दिवा जिथे किडे जमतात, किंवा विहीर, तळं, नदीचा काठ. नॉब ४५ ला ठेवा. पिपिस्ट्रेल नावाच्या पाकोळ्या सगळीकडे आहेत, त्यांचा आवाज ३५ ते ५० च्या मध्ये. टप्… टप्… टप्… असा ओला ठोका येतो, सेकंदाला दहा वगैरे. तिने किडा हेरला की ठोके जवळ जवळ येतात, टप्टप्टप् आणि मग एकदम फर्र्र्र, सेकंदाला शंभराच्या वर, आणि लगेच शांतता. ती शांतता म्हणजे किडा गेला किंवा हुकला. पहिल्यांदा मी हे आमच्या गेटजवळच्या दिव्याखाली ऐकलं तेव्हा वॉचमनकाकांच्या कानाला हेडफोन लावला, ते खुर्चीतून उठले आणि वर बघतच राहिले, मग रोज विचारायचे आज आणलंय का.

देवळाच्या शिखरात, किल्ल्यांच्या बुरुजात राहणाऱ्या मोठ्या जाती २५ ते ३५ मध्ये. नालाकृती नाकाची बरीच वाघळं ८० च्या पुढे, काही पर्णनासिका (पानासारख्या नाकाची वाघळं) १३० च्या आसपास, त्यांचा आवाज ठोका नसतो, पक्ष्यासारखा लांब सूर येतो. पण एवढ्या वरचा आवाज हवाच खाऊन टाकते, ४० वाल्याला २०-३० मीटर मिळतात तिथे १३० वाला काही मीटरवरच संपतो. वरच्या सर्किटला १३० धड जमत नाही हे आधीच सांगतो.

वडाच्या झाडावर लटकलेली मोठी वाघळं ऐकू येतील का?

नाही, ती फळं खाणारी, डोळ्यांनी आणि नाकाने काम भागवतात, त्यांचा कलकलाट तसाही साध्या कानाला येतो. त्यांच्यापैकी गुहेत राहणारं रूसेटस जिभेने टक् टक् करतं, तेवढं यंत्रात येतं.

गुहेत नेऊ का?

नको, मनापासून सांगतो, नको. दिवसा झोपलेली, पिल्लं पोटाशी असलेली वाघळं उठली की पिल्लं खाली पडतात. शिवाय महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वाघळांत निपाह विषाणूच्या अँटिबॉडीज पुण्याच्या एनआयव्हीला (राष्ट्रीय विषाणू संस्थेला) सापडलेल्या आहेत, बाहेर मोकळ्या हवेत ऐकण्यात धोका नाही, पण गुहेतली विष्ठा, धूळ आणि जखमी वाघूळ यांना हात लावायचा नाही.

बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या तळेवाडीजवळची बारापेडे गुहा बऱ्याच जणांना माहीत असते. रॉटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ जगाला पहिल्यांदा तिथेच सापडलं, १९१३ मध्ये त्याचं वर्णन झालं, आणि नंतर कितीतरी वर्षं ते दुसरीकडे कुठेच माहीत नव्हतं. आता ती जागा भीमगड अभयारण्यात आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही आणि ते योग्यच आहे.

यंत्र वापरायला परवाना लागतो का?

आपल्या गच्चीवरून ऐकायला नाही. पकडणं, हाताळणं ही वेगळी गोष्ट. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळं खाणारी वाघळं कित्येक वर्षं उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती, उंदीर आणि कावळ्यांबरोबर. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. मला याचा खूप आनंद झाला होता.

याने लपवलेला माइक किंवा शेजारचं बोलणं पकडता येईल का?

दोन्ही नाही. हेरगिरीचे माइक रेडिओने किंवा सिमकार्डवरून पाठवतात, आपलं यंत्र फक्त हवेतला आवाज ऐकतं. आणि माणसाचं बोलणं दोन फिल्टरमध्ये अडीचशेपट वगैरे कमी होऊन जातं.

सामान कुठे मिळेल?

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं. एलएम३८६, ७५५५, रेझिस्टर, पॉट सगळं तिथे. मेम्स माइक मात्र दुकानात सहसा नसतो, ऑनलाइन मागवा आणि दोन मागवा. एमसीपी६०२२ ची डीआयपी पॅकेजवाली (बोर्डच्या भोकात बसणाऱ्या पायांची) आवृत्ती आहे का बघून घ्या, नाहीतर झिरो पीसीबीवर छोटा ॲडाप्टर लागेल.

सगळं केलं, किल्ल्या ऐकू येतात, वाघूळ येत नाही

नॉब ४५ वरून हलवू नका आणि वीस मिनिटं थांबा. लोक घाईत नॉब फिरवत राहतात, आणि पाकोळी नेमकी तेव्हाच डोक्यावरून निघून जाते.